अंगठाबहाद्दर

ताइचुंग, तैवान
मंगळवार, २० ऑगस्ट २०२४, रात्र

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून तू आधी हसशील. रोज रात्री फोन होतोय, मग पप्पांनी कागद कशाला खराब केला? तर फोनवर तू 'हं... हं...' म्हणत दुसरंच काहीतरी बघत असतेस, आणि तुझी आई पहिल्यांदा 'जेवलात का' विचारते आणि लगेच 'शेवटचा रेट काय म्हणाले' विचारते. मला सांगायचं ते तसंच राहतं. शिवाय हॉटेलच्या टेबलावर कागद आणि पाकिटं ठेवलेली आहेत, फुकट. फुकटची वस्तू सोडायची आपल्या घराण्याची रीत नाही.

पत्र पोचेल तेव्हा मी बहुतेक घरी येऊन आठवडा झालेला असेल. असू दे. इथं पोस्टाच्या दोन पेट्या शेजारी शेजारी उभ्या असतात, एक हिरवी आणि एक लाल. देशातली पत्रं हिरवीत, विमानानं जाणारी लालमध्ये. परवा मी मागं उभा राहून बघत होतो, कोण कशात काय टाकतंय. पेटीवर सगळं लिहिलेलं आहे, पण मला काय उपयोग? इथं आल्यापासून मी पक्का अंगठाबहाद्दर झालोय. त्याचंच हे पत्र आहे.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. मुंबई-बँकॉक-ताओयुआन, आणि तिथनं हायस्पीड रेल्वेनं ताइचुंग. ताओयुआनहून इथवर पाऊण तासही लागला नाही. २००७ साली सुरू झालेली ही गाडी ताशी तीनशेच्या वेगानं जाते आणि ग्लासातलं पाणी हलत नाही. आपल्या महालक्ष्मीत मी वरच्या बर्थवरून एकदा पडलोय, तुला माहीत आहे. गावाची वस्ती २८ लाखांच्या वर. लिफ्टमध्ये तीननंतर एकदम पाचवा मजला. मला वाटलं बटण तुटलंय. तर 'चार' हा शब्द यांच्या भाषेत 'मरण'सारखा ऐकू येतो, म्हणून चौथा मजलाच नाही. दुकानातल्या पावतीवर वर्ष छापलंय ११३. म्हटलं, मशीन बिघडलं असेल. नाही, ते १९१२ पासून वर्षं मोजतात. आपल्या पंचांगात शके १९४६ लिहिलेलं असतं की! आपण ते लग्नपत्रिकेपुरतं ठेवलं, यांनी बिलावर ठेवलं.

आता कारखान्याचं. तू मेकॅनिकलला आहेस म्हणून जरा खोलात लिहितो. 'पप्पा, तिथं सगळे रोबोट असतील' असं तू म्हणाली होतीस. मलाही तसंच वाटत होतं. दादू नावाच्या डोंगराच्या पायथ्याला साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात मशीन बनवणाऱ्यांची नुसती दाटी आहे. मोठे कारखाने आहेतच, पण निम्मं काम गल्लीबोळांतल्या शेडमध्ये चालतं. खाली दोन लेथ, वर बिऱ्हाड, दारात स्कूटर आणि तुळशीच्या जागी देवाची लाल दिव्यांची पेटी. मला क्षणभर आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात आल्यासारखंच झालं. वासही तोच, कूलंट आणि गरम बुरादा.

ज्याच्याकडं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं कंप्युटरवर चालणारं मशीन, बघायला आलो तो मालक सगळं स्वतः करत नाही. ओतीव बॉडी एकाकडून, स्पिंडल दुसऱ्याकडून, टूल चेंजर तिसऱ्याकडून, पत्र्याचं काम चौथ्याकडून. सगळे स्कूटरवरून अर्ध्या तासाच्या अंतरावर. काही नडलं की फोन करतो आणि माणूस पार्ट घेऊन दारात हजर. आपल्याकडं पॅटर्नवाला, फाउंड्री, मशीनिंग असं उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावात पसरलेलं आहे, तसंच. फरक एवढाच की ते पूर्ण मशीन जगभर विकतात आणि आपण अजून बरेचसे पार्टच विकतो. हे मला टोचलं. फोनवर तुझ्या आईला सांगितलं नाही.

रोबोट होते एका कोपऱ्यात. पण मी तासभर थांबलो ते एका बाईपाशी. पन्नाशीची असेल. कानात गाणी, अंगात बाह्या बांधलेला शर्ट, समोर मशीनचा बीडाचा बेड. ती स्क्रेपिंग करत होती. आधी मास्टरला, म्हणजे अगदी सपाट नमुन्याच्या पट्टीला, रंग लावायचा आणि तो बेडवर घासायचा. जिथं रंग लागला ती जागा उंच. मग हातभर लांब स्क्रेपर घ्यायचा, त्याचं मागचं टोक कमरेला टेकवायचं आणि हातानं नाही, कमरेनं ढकलायचं. खर्र... नखाच्या कपचीएवढी बीड निघते. पुन्हा रंग, पुन्हा घासणं, पुन्हा खर्र. असं एका चौरस इंचात मोजून ठिपके येईपर्यंत. दोन अगदी गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात, पण असे खरवडलेले असले की त्या बारीक खळग्यांत तेल थांबतं आणि स्लाइड वर्षानुवर्षं लोण्यासारखी चालते. आयटीआयनंतर मी ज्यांच्या हाताखाली राहिलो ते मेस्त्री हेच करायचे. त्यांच्या उजव्या कमरेला कायमचा घट्टा पडला होता. त्या बाईनं मध्येच उभं राहून कमरेवर हात ठेवला, बरोबर त्याच जागी. मी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

मालकाला इथं 'लाओबान' म्हणतात. कारखानदारही लाओबान आणि शेवया विकणारा गाडीवालाही लाओबान, मला हे फार आवडलं. हा लाओबान चौदाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागला. तेल-ग्रीसमध्ये काम करणाऱ्याला इकडं 'काळा हात' म्हणतात, आणि 'काळा हात मालक झाला' ही इकडची म्हणच आहे, कारण असे हजारो झाले. आपल्याकडं कारागिराचे कारखानदार झालेल्या म्हादबा मेस्त्रींचं नाव निघतं ना, तसे हे गल्लीगल्लीत. मी त्याला माझे तळवे दाखवले. त्यानं त्याचे दाखवले. दुभाष्या पोरीला भाषांतराचं काहीच काम पडलं नाही.

पण खरा व्यवहार लाओबानकडं नाहीच. तो त्याच्या बायकोकडं. मालकिणीला 'लाओबान-न्यांग' म्हणतात. लाओबान मशीनबद्दल भरभरून बोलतो, येन पडल्यामुळं जपानी मशीनं स्वस्त झाली म्हणून कपाळाला हात लावतो, आणि किमतीचा विषय निघाला की चहा आणायला उठून जातो. मग मालकीण कॅल्क्युलेटर घेऊन पुढं सरकते. तुझी आई जीएसटीच्या दिवशी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघते ना, अगदी तशीच बघत होती. माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला.

मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर, जिथं आपण गणपतीचा फोटो लावतो, तिथं कुरकुऱ्यांसारख्या खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. दुसऱ्या मशीनवरही. तिसऱ्यावरही. मला वाटलं कामगारांचा नाश्ता. त्या खाऊचं नाव 'क्वाई-क्वाई', म्हणजे आपलं 'शहाणं बाळ'. ते ठेवलं की मशीन शहाण्या बाळासारखं वागतं, त्रास देत नाही! पाकीट हिरवंच पाहिजे, लाल-पिवळं चालत नाही, आणि तारीख उलटलेलं तर मुळीच नाही. मोठमोठ्या कंप्युटर सर्व्हरवरसुद्धा ठेवतात म्हणे. मी हसणार होतो. मग खंडेनवमीला मी व्हर्निअरला हळदकुंकू लावतो ते आठवलं आणि गप्प बसलो. दोन पाकिटं घेतलीत. आपल्या जुन्या टर्निंग सेंटरवर ठेवून बघू, त्याचं चक ढिलं पडायचं थांबलं तर बरंच.

शुक्रवारी पहाटे नाही पण सकाळी सकाळी पलंग हलला. चांगला हलला. मी पायजम्यावरच खाली पळालो, तर काउंटरवरची मुलगी सफरचंद कापत होती. तिनं हसून हातानं 'बसा, बसा' केलं. या गावानं १९९९ च्या २१ सप्टेंबरचा भूकंप बघितलाय, रात्री पावणेदोनचा, देशात मिळून दोन हजार चारशेच्या आसपास माणसं गेली. किल्लारीलाही सप्टेंबरच होता आणि माणसं झोपेतच होती. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, कपडे आणि धान्य घेऊन ट्रकमधून तिकडं गेलो होतो. ते नंतर कधीतरी सांगेन, पत्रात नको.

त्याच दिवशी कारखान्यात गेलो तर फाटकात मोठं टेबल मांडलेलं. त्यावर केळी सोडून सगळी फळं, बिस्किटं, शेवयांची पाकिटं, थंड पेयाचे डबे, आणि प्रत्येकात एक उदबत्ती खोचलेली. यांच्या पंचांगाचा हा सातवा महिना, भुतांचा. महिनाभर दार उघडं असतं आणि ज्यांना कुणी वाली नाही असे आत्मे फिरतात, त्यांना जेवू घालायचं. गंमत बघ, त्यांचाही महिना अमावास्येनंतरच सुरू होतो, आणि यंदा तो बरोबर आपल्या श्रावणावर आलाय. चंद्र एकच. आपल्याकडं सत्यनारायण आणि मंगळागौर, इकडं भुतं. घर, गाडी, मोठी खरेदी या महिन्यात कुणी करत नाही, आपण पितृपंधरवड्यात करत नाही तसं.

हे कळलं आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हणजे या महिन्यात मालकिणीकडं गावातलं गिऱ्हाईक नाही!

टेबलाशेजारी बुटक्या स्टुलावर लाओबानची आई बसली होती. ऐंशी पार असावी. पिवळ्या कागदांच्या घड्या घालून टोपलीत टाकत होती, ते नंतर जाळतात. मी नमस्कार केला तर ती माझ्याशी बोलायला लागली, आणि दुभाषी पोरगी अवघडली. आजी बोलत होती तैवानी बोली आणि पोरीला येते ती मँडरिन. तिला आजीचं निम्मंच कळत होतं. म्हणजे शिकलेली पोरगी आणि मी, दोघंही एका बाजूला. आजीनं मला जवळ बसवलं, एक कागद दिला आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. माझी पहिली घडी उलगडून तिनं परत घातली. दुसरीही. तिसरी टोपलीत टाकली. मग पिशवीतून भुरकट सालीची लिचीसारखी फळं काढून माझ्या ओंजळीत ओतली, 'ड्रॅगनचा डोळा' म्हणतात त्याला, आणि मी खातोय का ते बघत बसली. मी कागदाकडं बोट दाखवून पोरीला विचारलं, यावर काय लिहिलंय? पोरीनं आजीला विचारलं. आजी हसली, डोळ्यांसमोर हात हलवला. तिला वाचता येत नाही.

तेव्हापासून आई डोक्यात आहे. तुझी आजी.

शनिवारचं सांगतो. फोनवर 'फिरून आलो' एवढंच म्हणालो होतो. श्रावण पाळतोय म्हणून जेवणाची पंचाईत होतीच. हॉटेलात मेनू म्हणून एक कागद देतात, त्यावर टिका करायच्या. सगळी चिनी अक्षरं. मोबाइल धरला तर भाषांतर आलं, 'मुंग्या झाडावर चढतात'. तो म्हणे डुकराच्या खिम्यातल्या शेवयांचा पदार्थ. दोन दिवस केळी आणि ब्रेड खाल्ल्यावर दुभाषी पोरीनं युक्ती सांगितली, दारावर स्वस्तिक बघा. खरंच! शाकाहारी हॉटेलांवर इथं बुद्धाचं स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या वळणाचं. कांदा-लसूणसुद्धा नाही. सगळ्या गावातल्या हॉटेलांत मला वाचता येणारी तेवढी एकच पाटी. पहिल्या दिवशी ताटात मटणाचे तुकडे आले, म्हणजे दिसायला, तोंडात टाकल्यावर धागे सुटायलाही. मी ताट मागं सारलं. स्वयंपाकीणबाई आतून सोयाबीनचं पाकीट घेऊन आली आणि माझ्यासमोर आपटलं. कोल्हापूरच्या माणसाला मटणात फसवलं म्हणजे बाई थोरच.

आणि तो तुझा बबल टी. त्याचा जन्म १९८० च्या दशकातला आणि ताइचुंगच त्यावर हक्क सांगतं, ताइनान गावही सांगतं, त्यांचा वाद चालू आहे. राजारामपुरीत तू त्याला पावणेदोनशे रुपये घालवतेस म्हणून मी ओरडलो होतो. ते काळे गोळे कशाचे? टॅपिओकाचे. म्हणजे साबुदाण्याचेच थोरले भाऊ. काल श्रावणी सोमवार होता, उपासाला मी दोन ग्लास प्यालो. तुझ्या आईला सांगू नकोस, ती म्हणेल चहा चालतो पण गोळ्यात काय काय असतंय कुणास ठाऊक.

तर शनिवारी रात्री असाच स्वस्तिक शोधत निघालो. बोळांतून लांब गेलो, जेवलो, आणि परत फिरताना मोबाइल बंद पडला. हॉटेलचं कार्ड खोलीत. हॉटेलच्या नावात दोन अक्षरं, त्यातलं एक मला लेथच्या चकसारखं वाटायचं, एवढीच ओळख. रस्त्यांच्या पाट्यांवर खाली इंग्रजी असतं, आणि मला एवढं पक्कं आठवत होतं की आपला रस्ता 'मिन' काहीतरी. पहिल्या कोपऱ्यावर पाटी दिसली, मिनछुआन. जीव भांड्यात पडला. पुढच्या कोपऱ्यावर मिनशंग. त्याच्या पुढं मिनझू. सन यत-सेन यांची तीन तत्त्वं होती, लोकांचं राष्ट्र, लोकांची सत्ता, लोकांची उपजीविका. त्या तिन्हींच्या नावानं रस्ते आहेत, सगळ्या गावांत. तत्त्वं चांगली आहेत, पण एकमेकांना एवढी लागून नको होती.

पाऊण तास फिरलो. घामानं शर्ट अंगाला चिकटला. मध्येच पियानोची धून वाजवत एक पिवळी गाडी आली आणि घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन पळाली. मला वाटलं आइस्क्रीम. ती यांची घंटागाडी! कचरा जमिनीवर ठेवायचाच नाही, गाडी आली की हातानं टाकायचा. त्या गर्दीत मी एका गृहस्थाला रस्ता विचारला. त्यानं छातीठोक डावीकडं बोट दाखवलं. दहा मिनिटं चालल्यावर दुसऱ्याला विचारलं, त्यानं तेवढ्याच खात्रीनं उलटीकडं दाखवलं.

आणि मला सीबीएस आठवलं, आपलं कोल्हापूरचं एसटी स्टँड. तू तेव्हा बालवाडीत असशील. आईला डोळे दाखवायला आणलं होतं आणि परतीच्या एसटीत तिला बसवायचं होतं. मी तिला सांगितलं होतं, ही समोरची तुझी गाडी, पाटीच वाचलीय मी. तरी तिनं आधी एका भाजीवालीला विचारलं, मग एका शाळकरी पोराला, मग कंडक्टरला, मग परत दुसऱ्या बाईला. 'बाळा, ही गाडी आमच्या गावाला जाती न्हवं?' मला कामाची घाई, शेडवर माल अडकलेला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, 'आई, एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?' ती काही रागावली नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, 'तुला पाटी दिसतीया बाळा. मला माणसंच दिसत्यात. एखादं माणूस चुकतंय, म्हणून चौघांस्नी इचारायचं. तिघं एक बोलली की चढायचं.' आणि चढता चढता वळून म्हणाली, 'बाप्यांस्नी नगं इचारू. ठाव नसलं तरी सांगत्यात.'

तेव्हा मी ते नुसतं ऐकून सोडून दिलं होतं.

मिनझू रस्त्यावर मी तिच्या पद्धतीनं सुरुवात केली. बाप्ये सोडले. दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी, भाजीची पिशवीवाली एक आजी, लाँड्रीतली बाई. हातानं पलंग, उशी, झोप दाखवली, आणि हॉटेलजवळच्या खुणा सांगितल्या. त्या खुणाही आईच्याच पद्धतीच्या निघाल्या! ती कशी सांगते, 'पिंपळ, मग पिठाची गिरण, मग दोन डोळ्यांचा बंगला'. मी हवेत मासा काढला, कारण कोपऱ्यावर लाल माशाची पाटी आहे, आणि मग चिमट्यानं खेळणी उचलायच्या यंत्रांचं दुकान हातानं करून दाखवलं. तिघींपैकी दोघी एक बोलल्या. चौथ्या ठिकाणी, चोवीस तास उघडं असतं तसल्या दुकानात, पाण्याची बाटली घेतली आणि काउंटरवरच्या पोरीला विचारलं. तिनं पावती उलटी करून मागं नकाशा काढला. एकही अक्षर लिहिलं नाही. झाड, सिग्नल, चिमटा, मासा, आणि माशाशेजारी झोपलेला टकलू माणूस. मी.

ती पावती पत्रात घातलीय.

काल करार झाला. मालकिणीनं तीन वेळा कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला आणि तीन वेळा मी भुतांच्या महिन्याचा विषय काढला. चौथ्यांदा तिनं टूल होल्डरचा एक सेट फुकट धरला आणि पॅकिंग तिच्याकडं घेतलं. लाओबानच्या आईनं मध्येच विचारलं, या महिन्यात मशीन घेतोय, याच्या घरी चालतं का? मी म्हटलं, आमच्याकडं हा वर्षातला सगळ्यात चांगला महिना. ती खूश झाली, मालकीण नाही.

मी कागदावर सही केली. लाओबाननं केली नाही. त्यानं खणातून बोटभर लांबीचा चौकोनी शिक्का काढला, लाल शाईच्या डबीत दाबला, कागदावर टेकवला, आणि क्षणभर तसाच धरून उचलला. इथं नावाचा शिक्काच सहीच्या ठिकाणी चालतो. शिकलेला, न शिकलेला, कारखानदार, बँकेत येणारी म्हातारी, सगळ्यांचा शिक्का. शाईत बुडवायचा आणि टेकवायचा. मला आपल्या बँकेतलं आठवलं. आई अंगठा लावते, मग काउंटरवरचा कापूस मागते, नसला की भिंतीला बोट पुसते आणि इकडं तिकडं बघते.

संध्याकाळी शिक्केवाल्याकडं गेलो. गल्लीत दीड खणाचं दुकान, म्हातारा माणूस, कपाळाला भिंग. मी कागदावर आईचं नाव लिहून दिलं, देवनागरीत, ठळक. त्याला ते नाव वाचता येईना आणि मला त्याचं दुकान. त्यानं आधी कागदावर आखणी करून दाखवली तर काय, त्यानं चार घरं पाडून एकेका घरात एकेक तुकडा बसवलेला. काना वेगळ्या घरात एकटाच उभा! त्यांची अक्षरं तशीच असतात ना, सुटी सुटी, चौकोनात. मी बोटानं वरून एक रेघ ओढून दाखवली, सगळ्यांना धरून ठेवणारी. तो बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिला. मग मान हलवली, आखणी खोडली आणि वरची रेघ आधी काढली. तासाभरानं शिक्का हातात आला. लाकडी, सोबत लाल शाईची चपटी डबी. दाबून बघितला. वेलांटी जरा फुगलीय, बाकी आईचंच नाव.

बँक तो मानणार नाही, मला माहीत आहे. आई म्हणेल, 'का रं, माझा अंगठा काय झिजला का?' म्हणू दे. भिशीच्या वहीत मारेल, लोणच्याच्या बरणीवर मारेल.

शिक्का मी येताना आणतोच आहे. हे पत्र मात्र तिला तू वाचून दाखव. तिला तुझं वाचणं आवडतं, माझं म्हणजे घाईघाईचं वाटतं. सीबीएसचा भाग गाळू नकोस. फक्त मी घरात असलो तर लगेच सुरू करू नकोस. शेडवर जाऊ दे मला, मग वाच.

तुझे,
पप्पा

ता. क. : ती पावती जपून ठेव. इथल्या सरकारनं १९५१ पासून पावत्यांवर लॉटरी लावलीय, दुकानदारानं बिल फाडावं म्हणून. गिऱ्हाईकच बिल मागून घेतं! जुलै-ऑगस्टच्या पावत्यांचे नंबर २५ सप्टेंबरला निघतात. नंबर वरच्या बाजूला आहे, टकलू माणूस मागच्या.